सत्तेची भाषा कशी वाचावी

सरकारी निवेदन, मंत्र्यांची घोषणा किंवा पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक वाचताना बहुतेक वाचक त्यात खोटे काही आहे का, एवढेच पाहतात. ही सवय चांगली असली तरी ती पुरेशी नाही. सत्तेवरची माणसे उघड खोटे तुलनेने कमी बोलतात, कारण ते पकडले जाते आणि विधिमंडळात किंवा न्यायालयात अंगाशी येते. त्यापेक्षा सोयीचा मार्ग असा, की प्रत्येक शब्द बचाव करता येईल असा निवडायचा आणि चुकीचा निष्कर्ष वाचकाने आपणहून काढावा अशी वाक्यांची मांडणी करायची. असा मजकूर पारखण्यासाठी वाचनाची एक वेगळी शिस्त लागते आणि ती कोणालाही शिकता येते. खालील उदाहरणे मी मुद्दाम वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटींतील घेतली आहेत. ही तंत्रे कोणा एका पक्षाची मक्तेदारी नाहीत, आणि ती केवळ विरोधी पक्षाच्या भाषेत शोधणारा वाचक निम्माच सावध असतो.

वाक्यातला कर्ता शोधा

मराठी प्रशासकीय भाषेचा कणा म्हणजे 'करण्यात आले' हा प्रयोग. निधी वितरित करण्यात आला, अतिक्रमण हटविण्यात आले, चौकशीचे आदेश देण्यात आले. या प्रयोगात स्वतःहून काही गैर नाही, कारण सरकारी काम पदाच्या नावाने चालते आणि प्रत्येक ठिकाणी व्यक्तीचे नाव देण्याची गरज नसते. अडचण येते ती कोणाला तरी जबाब द्यावा लागेल अशा जागी नेमका हाच प्रयोग वापरला जातो तेव्हा.

पुढील धर्तीचे वाक्य आपण सर्वांनी अनेकदा वाचलेले आहे: 'काही समाजकंटकांनी दगडफेक केल्याने परिस्थिती नियंत्रणात आणण्यासाठी सौम्य बळाचा वापर करण्यात आला असून त्यात काही जण किरकोळ जखमी झाले.' पेन्सिल घेऊन यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि शेजारी 'कोणी?' असे लिहावे. दगडफेक कोणी केली, याचे उत्तर वाक्यातच आहे: समाजकंटकांनी. बळाचा वापर कोणी केला, याचे उत्तर नाही. आदेश कोणी दिला, याचेही नाही. जखमी तर आपोआपच 'झाले', जणू लाठी आणि डोके यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. एकाच वाक्यात एका बाजूच्या कृतीला कर्ता आहे आणि दुसऱ्या बाजूच्या कृतीला नाही, ही विषमता वाचकाने सर्वप्रथम टिपावी, कारण दोष कोणाच्या पदरात पडावा हे लिहिणाऱ्याने तेथेच ठरवून टाकलेले असते. मग विशेषणांकडे वळावे. 'सौम्य' हे कोणी मोजले? 'किरकोळ' असे डॉक्टरांनी म्हटले आहे की पोलिसांनी? 'काही' म्हणजे तीन की तीस?

यानंतर तेच वाक्य कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहून पाहावे: 'अमुक अधिकाऱ्याच्या आदेशावरून इतक्या पोलिसांनी जमलेल्या लोकांवर लाठ्या चालवल्या आणि इतक्या लोकांना इतक्या गंभीर दुखापती केल्या.' लिहिताना ज्या जागा रिकाम्या राहतात, तेच आपले प्रश्न. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्यांची उत्तरे मिळतात का, ते पाहावे. गावच्या वार्ताहरालाही हे प्रश्न जरूर विचारावेत, कारण प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापण्याची सवय वाचकांनी विचारणा केल्याशिवाय मोडत नाही.

शब्दाला काय बांधलेले आहे ते पाहा

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये एक विलक्षण कायदा केला. राज्याला लागू असलेल्या सर्व कायद्यांतून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, ही संज्ञा वगळणे एवढाच त्याचा हेतू होता. त्याच्या उद्देशिकेचा आशय असा, की राज्यातील शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच मदतीची कामे सुरू केली जातात, त्यामुळे दुष्काळ उद्भवण्यास आता वावच राहिलेला नाही आणि ही संज्ञा कालबाह्य झाली आहे. शासनाने दुष्काळ हटवला असे कायदा म्हणत नव्हता. दुष्काळ यापुढे पडूच शकत नाही, असे तो म्हणत होता, आणि एकदा हे गृहीत धरले की पुढे जे काही घडेल त्याला दुसरे नाव देणे भागच होते. ते नाव इंग्रजीत 'स्कार्सिटी' आणि मराठीत 'टंचाई' असे पडले.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत महाराष्ट्राने विसाव्या शतकातील आपला सर्वांत भीषण अवर्षणकाळ पाहिला. ओळीने तीन वर्षे पावसाने ओढ दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात मदतीच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. जमीन बाळगून असलेले शेतकरीसुद्धा खडी फोडायला बसले आणि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) व सुकडी (मदतीत वाटले जाणारे कोरडे पौष्टिक खाद्य) हे शब्द घराघरांत पोहोचले. त्या कामांनी असंख्य कुटुंबे तगली आणि त्याच अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, ही या राज्याची खरी कमाई आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण कायद्याच्या लेखी तो दुष्काळ नव्हता. त्या पिढीच्या तोंडी मात्र तो आजही 'बाहत्तरचा दुष्काळ' आहे. लोकांनी आपला शब्द सोडला नाही, याचे मला फार मोल वाटते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हता, हे पुढे अधिक स्पष्ट झाले. 'टंचाईसदृश' आणि 'दुष्काळसदृश' हे शब्द अलीकडच्या काळातही सरकारी कागदांत येत राहिले. २०१६ च्या मे महिन्यात, मुंबई उच्च न्यायालयात याविषयीच्या जनहित याचिकांची सुनावणी चालू असताना, राज्य सरकारला २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी दुरुस्ती करण्याचे मान्य करावे लागले. २०१८ च्या ऑक्टोबरात पुन्हा आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती असल्याचे सांगण्यात आले आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. या दोन शब्दांमधील अंतर शेतकऱ्याला ठाऊक असते, कारण दुष्काळ जाहीर झाला की त्या निर्णयाबरोबर ठरावीक सवलती येतात: जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे टँकर आणि थकबाकीपोटी पंपाची वीज न तोडणे. 'सदृश' हा एक प्रत्यय जोडून ठेवला, की हे सारे तेवढे दिवस लांबणीवर टाकता येते.

म्हणून कोणताही नवा किंवा मवाळ शब्द दिसला, की तो कानाला कसा लागतो यापेक्षा त्याला कोणता हक्क किंवा कोणते दायित्व बांधलेले आहे, हे विचारावे. हा शब्द बदलून जुना, साधा शब्द ठेवला तर कोणाला काय द्यावे लागेल? अंगणवाडी सेविकांना मिळणाऱ्या पैशाला वर्षानुवर्षे 'मानधन' म्हटले गेले. मान देणारा हा शब्द त्यांना वेतन आणि त्याबरोबर येणारे लाभ यांपासून दूर ठेवत होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानधन म्हणजे वेतनच आहे, असे मानून त्यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. 'शाळांचे समायोजन' असे वाचले, की कोणत्या वस्तीवरची शाळा बंद होणार आणि तेथील मुले किती अंतर चालणार, हे विचारावे. 'भारनियमन' वाचले, की वीज किती तास आणि कोणाची जाणार, हे विचारावे.

माणसांना लावलेल्या शिक्क्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना 'गुन्हेगार जमाती' ठरवले. एकदा जमातच गुन्हेगार ठरली, की तिच्यात जन्मलेल्या व्यक्तीचा गुन्हा सिद्ध करण्याची गरजच उरली नाही, आणि सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी अख्खी कुटुंबे कुंपणाआड ठेवता आली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यात आणि गावकऱ्यांच्या मनात मात्र तो शिक्का त्यानंतर कितीतरी वर्षे तसाच राहिला.

तारखा शेजारी मांडा

२६ जून १९७५ रोजी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले, की राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली आहे आणि घाबरण्याचे काही कारण नाही. सामान्य स्त्रीपुरुषांच्या हिताची काही प्रागतिक पावले आपण उचलू लागलो तेव्हापासून एक खोल आणि व्यापक कारस्थान शिजत आहे, असेही त्या म्हणाल्या. हे भाषण वरील पद्धतीने वाचले तर पहिल्याच वाक्याला थांबावे लागते. घोषणेवर सही राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची होती, त्यामुळे वाक्य खोटे नव्हते. पण निर्णय पंतप्रधानांचा होता आणि मंत्रिमंडळाला तो २६ जूनच्या पहाटे, सही झाल्यानंतर कळवण्यात आला. वाक्याचा कर्ता खरा असूनही निर्णयाचा कर्ता दुसराच असू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता एका कोऱ्या कागदावर तारखा लिहाव्यात. १२ जून: अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतील निवड रद्द ठरवली. २४ जून: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला केवळ सशर्त स्थगिती दिली. २५ जून: संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली, रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली आणि दिल्लीत वृत्तपत्रांची बरीच कार्यालये असलेल्या बहादूरशाह जफर मार्गावरील वीज तोडण्यात आली. पोलीस आणि सैन्य यांनी बेकायदा आदेश पाळू नयेत, हे जयप्रकाशांचे आवाहन सरकारने कारण म्हणून पुढे केले आणि त्या आवाहनावर मतभेद असू शकतात. तरीही या तारखा शेजारी ठेवल्यावर, 'प्रागतिक पावलांपासून' सुरू होणारी कथा आणि १२ जूनपासून सुरू होणारी कथा या दोन वेगळ्या कथा आहेत, हे लपून राहत नाही. सत्ताधारी गोष्ट कोठून सुरू करतात, यावर बरेच काही ठरते. म्हणून कोणतेही मोठे निवेदन आले, की त्याआधीच्या पंधरवड्यातील वर्तमानपत्रे काढून वाचावीत.

घोषणेतील 'अंतर्गत अशांतता' हा शब्दप्रयोगही याच नजरेने पाहावा. त्यात काय बसते आणि काय बसत नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते, आणि तो सैलपणाच सोयीचा होता. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानुसार एकट्या 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो शब्दप्रयोग काढून त्या जागी 'सशस्त्र बंड' असे शब्द घातले, कारण शस्त्र आहे की नाही हे तपासता येते. शब्द तपासता येण्याजोगा आहे का, ही कसोटी वाचकाने कायम हाताशी ठेवावी.

त्याच काळात उसन्या अधिकाराचेही एक उदाहरण घडले. पवनारला विनोबा भावे वर्षभराच्या मौनात असताना त्यांनी दर्शवलेले 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतींवर लावले आणि विनोबांचा आणीबाणीला आशीर्वाद आहे, असा समज पसरवला. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यानंतर विनोबांनी खुलासा केला, की शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. त्या खुलाशाला भित्तिपत्रकांइतकी जागा कोणी दिली नाही. सरकारी जाहिरातीत एखाद्या संताचे, हुतात्म्याचे किंवा विचारवंताचे दोन-चार शब्द दिसले, तर ते कोणत्या प्रसंगी, कोणत्या पूर्ण वाक्यात आले होते, हे शोधल्याशिवाय त्यांना मान डोलावू नये. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशांचे नाव घेऊन त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. साधे नाव उच्चारणे हे मोघम शब्दांना दिलेले किती सडेतोड उत्तर असू शकते, ते मराठी वाचकाने तेथे पाहिले.

सत्तेची भाषा न्यायालयातही शिरते. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते का, याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ एप्रिल १९७६ च्या निकालात न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले, की स्थानबद्धांना चांगला निवारा, चांगले अन्न आणि चांगली वागणूक मिळते आणि शासन त्यांची घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे. याच खटल्यात, पोलिसाने आकसाने एखाद्याचा जीव घेतला तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही का, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले, तेव्हा सरकारची बाजू मांडणारे महान्यायवादी (ॲटर्नी जनरल) नीरेन डे यांना आपल्या युक्तिवादानुसार तसेच होईल, हे कबूल करावे लागले. खन्ना यांचा एकट्याचा निकाल विरोधी होता. सत्ता स्वतःला आई, बाप किंवा पालक म्हणवू लागली, की खन्नांसारखा टोकाचा आणि ठोस प्रश्न विचारावा: मूल नको म्हणाले तर काय होईल?

घोषणेतील शब्द एकमेकांशी जुळतात का

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर, ११ जूनला मंत्रिगटाने शेतकरी नेत्यांशी चर्चा करून सरसकट कर्जमाफी निकषांसह तत्त्वतः मान्य असल्याचे जाहीर केले. या तीन शब्दांवर गावोगावच्या पारांवर बोलले गेले आणि शेतकऱ्यांनी ते अचूक वाचले. 'सरसकट' म्हणजे कोणालाही न वगळता. 'निकषांसह' म्हणजे काहींना वगळून. 'तत्त्वतः' म्हणजे अजून काहीच ठरलेले नाही. मथळ्यात पहिला शब्द जातो आणि अंमलबजावणीत उरलेले दोन. २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी हे आकडे जाहीर झाले, प्रति कुटुंब दीड लाखाची मर्यादा आली आणि प्रत्यक्ष वाटप जाहीर आकड्याच्या बरेच खाली राहिले. अशी घोषणा वाचताना 'तत्त्वतः', 'टप्प्याटप्प्याने', 'पात्र', 'विचाराधीन' आणि 'अधीन राहून' हे शब्द वेगळ्या शाईने अधोरेखित करावेत आणि त्यांना वगळून काय शिल्लक राहते, ते पाहावे.

आकड्यांबाबत थोडक्यात एवढेच. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे वेगवेगळे रकाने असतात. भाषणात पहिला रकाना वाचला जातो. दोन वर्षांनी तिसरा उघडून पाहणारे वाचक फार थोडे असतात आणि त्यांच्यात आपण असावे.

कागद मागवा

घोषणा आणि शासन निर्णय यांत फरक असतो. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय मराठीत मिळतात आणि ते वाचण्याचा क्रम उलटा ठेवावा. प्रस्तावनेत गौरवाची भाषा असते, ती शेवटी वाचली तरी चालते. आधी अटी व शर्ती वाचाव्यात, मग खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून, भागवायचा ते पाहावे, मग वरच्या 'वाचा' या भागात दिलेले जुने निर्णय काढावेत. काय बदलले, ते त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच कळते. नंतर निघालेली शुद्धिपत्रके न चुकता शोधावीत, कारण गाजावाजा करून दिलेली गोष्ट पुष्कळदा तेथे गुपचूप आखूड होते.

एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' या ठरावीक नमुन्यामध्ये, दहा रुपयांच्या शुल्कासह, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत तो लिहावा लागतो. 'दुष्काळ निवारणासाठी काय केले?' असा प्रश्न विचारला, तर 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे' असेच उत्तर येईल. त्याऐवजी गावाचे नाव, कालावधी आणि कागदाचे नाव द्यावे: 'अमुक गावात अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत झालेल्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत मिळावी.' उत्तर ३० दिवसांत यायला हवे. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर माहितीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ती कार्यालयात विखुरलेली आहे, एवढेच ते वाक्य सांगते. अशा वेळी अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी, वही घेऊन कार्यालयात जावे, नोंदी स्वतः उतरवून घ्याव्यात, आणि परवानगी नाकारली गेली तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील दाखल करावे.